यंत्र भाड्याचे, कर्नल कोणाचा?

३० जून २०२४ रोजी सेंटओएस ७ या लिनक्स वितरणाची मुदत संपली. त्यावर चालणारी संकेतस्थळे दुसऱ्या दिवशीही नेहमीसारखीच उघडत राहिली. ईमेल जात-येत होते, दुकानांची बिले निघत होती, कुठल्याही पडद्यावर लाल अक्षरांत सूचना आली नाही. सेंटओएस ७ चा कर्नल ३.१० मालिकेतला, आणि मूळ लिनक्समध्ये ३.१० आला होता २०१३ च्या ३० जूनला. पुढे रेड हॅट कंपनीचे अभियंते नव्या कर्नलमधल्या सुरक्षा-दुरुस्त्या या जुन्या कर्नलमध्ये आणून बसवत राहिले, आणि सेंटओएस त्या सगळ्यांना मोफत पोचवत राहिला. ही सोय त्या तारखेला थांबली. तिथून पुढे सापडणारा प्रत्येक दोष त्या यंत्रांवर कायमचा उघडा राहणार होता. वापरणाऱ्याला यातले काहीच दिसत नाही, म्हणून व्हीपीएसवरच्या ऑपरेटिंग सिस्टीमच्या अपग्रेडवर मराठीत सविस्तर पुस्तक लिहायची गरज मला वाटली.

व्हीपीएस म्हणजे व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर. एका मोठ्या सर्व्हरचे सॉफ्टवेअरच्या मदतीने अनेक भाग पाडायचे आणि प्रत्येक भाग स्वतंत्र यंत्र म्हणून भाड्याने द्यायचा. महिन्याला काहीशे रुपयांत असे यंत्र मिळते आणि रूटचा, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याचा, पासवर्ड आपल्या हाती येतो. आपल्याकडे ही यंत्रे चालवणारे लोक नाना तऱ्हेचे आहेत: दिवाळी अंक ऑनलाइन विकणारे छोटे प्रकाशक, शिकवणी वर्ग, गृहनिर्माण सोसायट्यांसाठी हिशेबाचे सॉफ्टवेअर करणारी दोन-तीन जणांची कंपनी, तालुक्याच्या गावात बसून परदेशी ग्राहकांची कामे घेणारा प्रोग्रामर. यांतल्या फार थोड्यांनी सिस्टीम अ‍ॅडमिनचे काम रीतसर शिकलेले असते. ऑफिसात कुणाला तरी ‘सर्व्हरचे तू बघ’ असे सांगितले जाते आणि ते काम त्याच्या गळ्यात पडते. हे पुस्तक त्या माणसासाठी आहे.

त्याचा पहिला गैरसमज आधीच दूर केलेला बरा. आपण भाडे भरतो म्हणजे सर्व्हर अद्ययावत ठेवायचे काम होस्टिंग कंपनीचे, असे पुष्कळांना मनापासून वाटते. स्वस्त व्हीपीएस बहुधा ‘अनमॅनेज्ड’ असतो. वीज, थंडावा, डिस्क, नेटवर्क आणि यंत्राचे भाग पाडणारे सॉफ्टवेअर एवढे कंपनी सांभाळते. त्या भागात बसवलेली ऑपरेटिंग सिस्टीम भाडेकरूची. कंपनी तिच्यात सहसा डोकावत नाही आणि तिने डोकावू नये, हेच योग्य आहे. पण या वाटणीत एक जागा अशी आहे की जिथे मालकी कुणाची, हे यंत्रागणिक बदलते. ती जागा म्हणजे कर्नल.

कर्नल हा ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. प्रोसेसर, मेमरी, डिस्क आणि नेटवर्क यांच्याशी थेट बोलणारा आणि कुठल्या प्रोग्रामला काय करू द्यायचे हे ठरवणारा. वेब सर्व्हर किंवा डेटाबेस नव्याने सुरू करायला काही सेकंद लागतात. कर्नल बदलायचा तर सगळे यंत्र रीबूट करावे लागते. त्यामुळे जो माणूस बाकीची पॅकेजे दर आठवड्याला न चुकता अपडेट करतो, तोही कर्नलपाशी येऊन थबकतो.

कर्नल कुणाचा, या प्रश्नाला इतिहास आहे आणि तो माहीत नसला की आजचे कित्येक घोटाळे उलगडत नाहीत. लिनोड ही कंपनी २००३ साली सुरू झाली ती ‘यूजर मोड लिनक्स’वर. त्यात भाडेकरूचा कर्नल हा मालकाच्या यंत्रावर चालणारा एक साधा प्रोग्राम असे आणि त्याची फाइलही मालकाच्याच डिस्कवर राहत असे. त्याच वर्षी केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी झेनवरचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. झेनच्या जुन्या, पॅराव्हर्च्युअल पद्धतीतही भाडेकरूचा कर्नल पुष्कळदा मालकाकडूनच पुरवला जाई. पुढे भाडेकरूच्या डिस्कवरची बूट-यादी वाचून त्याचाच कर्नल उचलणारी साधने आली. अ‍ॅमेझॉनने ईसी२ वर ग्राहकांना स्वतःचा कर्नल चालवायची मुभा दिली ती २०१० मध्ये. डिजिटलओशनच्या सुरुवातीच्या ड्रॉपलेटमध्ये कर्नल कंट्रोल पॅनेलमधून निवडावा लागे. त्या काळी ग्राहक नवे कर्नल-पॅकेज रीतसर बसवत, रीबूट करत, आणि यूनेम ही कमांड दिली की जुनाच क्रमांक पुढे येई. पॅकेज डिस्कवर नीट बसलेले असे, पण यंत्र सुरू होताना त्याच्याकडे कुणी बघतच नसे.

२००५ साली आलेल्या ओपनव्हीझेडची तऱ्हा याहून वेगळी. जुन्या वाड्यात प्रत्येक बिऱ्हाडाची चूल वेगळी, पण विहीर सगळ्यांची एकच असे. ओपनव्हीझेडमध्ये प्रत्येक भाडेकरूच्या फायली आणि प्रोग्राम वेगळे, पण कर्नल मालकाचा आणि सगळ्यांना मिळून एकच. तिथे भाडेकरूला कर्नल बदलता येत नाही, बदलायचे कारणही नाही. स्वस्ताईमुळे हे व्हीपीएस फार खपले, आणि त्यांतल्या पुष्कळ यंत्रांवर वर्षानुवर्षे २.६.३२ हाच कर्नल राहिला. मग ऑगस्ट २०१७ मध्ये ग्लिबसी २.२६ आली. ग्लिबसी ही लिनक्सवरच्या जवळजवळ प्रत्येक प्रोग्रामला लागणारी मूलभूत लायब्ररी. या आवृत्तीपासून तिने ३.२ पेक्षा जुन्या कर्नलवर चालायचे सोडून दिले. उबंटू १८.०४ मध्ये ग्लिबसी २.२७ होती. ज्यांनी आपल्या ओपनव्हीझेड कंटेनरात १६.०४ वरून १८.०४ वर जायचा प्रयत्न केला, त्यांना ‘कर्नल फार जुना आहे’ अशा अर्थाची एक ओळ दिसली आणि अपग्रेड अर्ध्यात अडले. भाडेकरूने काही चुकीचे केलेले नव्हते. ज्या कर्नलमुळे काम अडले तो त्याचा नव्हताच.

आज बहुतेक कंपन्या केव्हीएम वापरतात. फेब्रुवारी २००७ मध्ये २.६.२० या आवृत्तीसोबत केव्हीएम लिनक्समध्ये दाखल झाले. त्यात भाडेकरूला जवळजवळ पूर्ण यंत्र मिळते: स्वतःचा बूटलोडर, स्वतःचा कर्नल आणि त्यासोबत त्या कर्नलची पूर्ण जबाबदारी. तरीही ओपनव्हीझेडचे जुने कंटेनर अजून भेटतात आणि काही कंपन्यांकडे कर्नल कंपनीचा की आपला, हा पर्याय पॅनेलमध्ये निवडायला मिळतो. म्हणून पहिल्या प्रकरणात मी अपग्रेडची एकही कमांड दिलेली नाही. आपले यंत्र कुठल्या प्रकारचे आहे आणि सुरू होताना ते कर्नल कुठून उचलते, एवढेच शोधायला सांगितले आहे. ज्याला हे घाईचे वाटत नसेल त्यालाही माझी विनंती आहे की ते प्रकरण गाळू नये.

जबाबदारीची ही वाटणी संकटाच्या वेळी कशी उघडी पडते, त्याची दोन उदाहरणे मला नेहमी आठवतात. ऑक्टोबर २०१६ मध्ये ‘डर्टी काउ’ नावाचा दोष जाहीर झाला. तो कर्नलमध्ये २००७ पासून, म्हणजे २.६.२२ पासून दडून होता. यंत्रावर साधे खाते मिळालेल्या कुणालाही त्यातून रूट होता येत असे. एखाद्या प्लगइनमधल्या भोकातून वेब सर्व्हरच्या खात्यापर्यंत पोचलेल्या माणसाला पुढचे दार त्यामुळे आयते उघडे मिळाले. केव्हीएमच्या भाडेकरूने स्वतः कर्नल बदलून रीबूट करायचे होते. ओपनव्हीझेडच्या भाडेकरूला मालक कधी हलतो याची वाट पाहण्यापलीकडे काही करता येत नव्हते. ३ जानेवारी २०१८ रोजी जाहीर झालेल्या मेल्टडाउन आणि स्पेक्टर या दोषांनी तर दोघांनाही कामाला लावले. प्रोसेसरच्या रचनेतलेच ते दोष. होस्टिंग कंपन्यांनी आपल्या बाजूची दुरुस्ती केली, त्यासाठी भाडेकरूंची यंत्रे रीबूट केली आणि तशी पत्रेही पाठवली. ती पत्रे वाचून अनेकांना वाटले की आपले काम झाले. यंत्र रीबूट झाले होते हे खरे, पण आतला कर्नल भाडेकरूने बदललेला नसेल तर ते पुन्हा जुन्याच कर्नलवर उठले होते, आणि त्याच्या आतल्या प्रोग्रामांचे एकमेकांपासून जे संरक्षण व्हायला हवे ते झालेले नव्हते.

रीबूट टाळण्यात भूषण मानायची एक जुनी परंपरा आहे. यंत्र किती दिवस अखंड चालू आहे तो आकडा मित्रांना दाखवायचा. त्या आकड्यामागची भावना मला कळते: यंत्र भरवशाचे आहे, आपण त्याची नीट काळजी घेतली. पण आकडा सांगतो ते इतकेच, की इतके दिवस कर्नल बदललेला नाही. त्यातही धोके आहेत. २.६.३२ च्या काळातल्या काही कर्नलमध्ये सलग २०८ दिवस चालल्यावर वेळमोजणीच्या चुकीने यंत्र कोसळायचा दोष होता. ईएक्सटी३ फाइलसिस्टीमची जुनी प्रथा अशी की १८० दिवस उलटून गेले असतील तर पुढच्या बूटला पूर्ण डिस्क तपासायची. दोन मिनिटांत परत येईल म्हणून रीबूट केलेले यंत्र तासभर गप्प बसे आणि अ‍ॅडमिन घाबरून सक्तीने पुन्हा रीबूट करी, म्हणजे ऐन तपासणीच्या मध्ये. ज्या यंत्रावर दोन वर्षांत एकदाही रीबूट झालेले नाही, त्यावर त्या दोन वर्षांत कुणीतरी हाताने सुरू केलेली आणि बूटच्या यादीत टाकायची राहिलेली सेवा असतेच. ती नक्की कुठली, हे रीबूट केल्याशिवाय कळत नाही. महिन्याला एकदा, आपल्या सोयीच्या वेळी रीबूट करावे, हे माझे ठाम मत आहे. चूक निघालीच तर ती महिन्याभरातल्याच एखाद्या बदलाची असते आणि तो बदल अजून आठवत असतो.

रीबूट न करता चालत्या कर्नलला ठिगळ लावायची सोय आता आहे. एमआयटीतून निघालेले केस्प्लाइस २०११ मध्ये ओरॅकलने घेतले. २०१४ मध्ये रेड हॅटने केपॅच आणि सुसेने केग्राफ्ट पुढे आणले, आणि २०१५ च्या लिनक्स ४.० मध्ये दोघांना सामायिक पाया मिळाला. ही उत्तम कारागिरी आहे. तिच्यावर एक प्रकरण आहे, पण ते मुद्दाम शेवटी ठेवले आहे. अशी ठिगळे निवडक दोषांवरच असतात, आणि ग्लिबसी किंवा ओपनएसएसएल बदलली तरी आधीपासून चालू असलेले प्रोग्राम मेमरीतली जुनीच प्रत वापरत राहतात, या गोष्टीशी त्यांचा संबंध नाही.

दुरुस्तीनेच यंत्र मोडते, हा आक्षेप खोटा नाही. जुलै २०२० मध्ये ग्रब बूटलोडरमधले गंभीर दोष जाहीर झाले, दुरुस्त्या तातडीने निघाल्या आणि त्या बसवून रीबूट केलेली कित्येक यंत्रे उठलीच नाहीत. उबंटू आणि डेबियनच्या व्हीपीएसवर ‘ग्रब_कॅलॉक’ सापडत नाही अशी ओळ दाखवून ती थांबत. कारण व्हीपीएसच्या घडणीतच होते. असे यंत्र तयार प्रतिमेवरून बनते. ती प्रतिमा घडवताना डिस्कचे नाव एक असते आणि भाडेकरूच्या यंत्रावर दुसरेच. ग्रब नव्याने कुठे लिहायचा याची नोंद चुकीच्या डिस्ककडे बोट दाखवत होती, त्यामुळे बूट फोल्डरमध्ये नवे भाग आले आणि डिस्कच्या सुरुवातीला जुनाच गाभा राहिला. दोन्हींचे जमेना. ज्यांना कंपनीच्या पॅनेलमधला व्हीएनसी कन्सोल आणि रेस्क्यू मोड आधीपासून माहीत होता, त्यांनी अर्ध्या तासात ग्रब पुन्हा बसवला. बाकीच्यांनी आधी ‘एसएसएच लागत नाही’ असे तिकीट टाकले आणि उत्तराची वाट पाहत बसले. रेस्क्यू मोडमध्ये शिरून आपली डिस्क माउंट करायचा सराव यंत्र धडधाकट असताना एकदा तरी करावा, हा आग्रह मी पुस्तकभर धरला आहे.

संपूर्ण वितरणाचे अपग्रेड, म्हणजे उबंटूच्या एका दीर्घ मुदतीच्या आवृत्तीवरून पुढच्या आवृत्तीवर जाणे, हे कर्नल बदलण्यापेक्षा पुष्कळ मोठे काम. १४.०४ वरून १६.०४ वर जाणाऱ्यांना अपस्टार्ट जाऊन सिस्टमडी आल्याचे दिसले आणि पीएचपी ५.५ च्या जागी ७.० मिळाले. पीएचपीच्या त्या आवृत्तीतून मायएसक्यूएलची जुनी फंक्शन्स काढून टाकलेली होती, त्यामुळे दहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून दिलेली संकेतस्थळे रिकामे पान दाखवू लागली. नेटवर्क कार्डाचे नाव ईटीएच० वरून ईएनएस३ झाले आणि कॉन्फिगरेशनमध्ये जुनेच राहिले, तर यंत्र उठते पण जगापासून तुटलेले. अपग्रेड चालू असताना ‘ही फाइल तुमची ठेवू की नवी घेऊ’ असा प्रश्न येतो. त्याला नुसते एंटर दाबत गेलेल्या माणसाचे काय होते, त्यावर एक संपूर्ण प्रकरण आहे.

यांतल्या बहुतेक चुका लगेच दिसतात, म्हणून मला त्यांची फारशी धास्ती नाही. एक मात्र अशी आहे की जी महिनोन्‌महिने कळत नाही. ऑगस्ट २०१८ च्या ग्लिबसी २.२८ मध्ये अक्षरांच्या क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणावर बदलले. पोस्टग्रेसक्यूएल हा डेटाबेस मजकुराचा क्रम लावताना सहसा ग्लिबसीवर विसंबतो आणि त्या क्रमानेच इंडेक्स बांधतो. ‘१-१’ आणि ‘११’ यांसारख्या इंग्रजी अंकांतल्या साध्या नोंदींचाही आधीचा क्रम नव्या नियमांत उलटला. डेबियन ९ वरून १० वर, उबंटू १८.०४ वरून २०.०४ वर किंवा सेंटओएस ७ वरून ८ च्या घराण्यात जाताना डेटाबेसच्या फायली जशाच्या तशा राहिल्या, की इंडेक्स जुन्या क्रमाने लावलेला आणि शोध मात्र नव्या क्रमाने सुरू. मग असलेला ग्राहक सापडत नाही. सापडला नाही म्हणून त्याची नोंद दुसऱ्यांदा होते, आणि एकच नोंद हवी असा नियम लावलेल्या रकान्यात दोन नोंदी बसतात. कुठेही एरर येत नाही. पोस्टग्रेसक्यूएलच्या अलीकडच्या आवृत्त्या क्रमाचे नियम बदलल्याचा इशारा देतात, पण तो लॉगमध्ये वाचणारा कुणी हवा. अपग्रेडनंतर मजकुरावरचे सगळे इंडेक्स नव्याने बांधणे, एवढाच उपाय. सेंटओएस ७ सोडून आता उशिराने निघालेल्या वाचकाच्या वाटेत हा खड्डा नेमका येतो, म्हणून त्याला मी सर्वांत जास्त पाने दिली आहेत.

म्हणूनच मोठी उडी असेल तर चालत्या यंत्रावर अपग्रेड करू नये, असा माझा सल्ला आहे. दुसरा व्हीपीएस घ्यावा, त्यावर नवी आवृत्ती स्वच्छ बसवावी, डेटाबेस डंप करून तिथे भरावा म्हणजे इंडेक्स आपोआप नव्या क्रमाने बांधले जातात, सगळे तपासून झाले की डीएनएस वळवावा. एक महिन्याचे दुप्पट भाडे त्यात जाते; चूक झाली तर जुने यंत्र शाबूत असते. आयपी पत्ता बदलतो, म्हणून स्वतःचा मेल सर्व्हर चालवणाऱ्यांनी हा मार्ग जास्त जपून धरावा. एका कायदेशीर गोष्टीचेही भान हवे. सर्ट-इन या सरकारी सायबर-सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपून ठेवायचे आहेत. जुना व्हीपीएस पुसून टाकण्याच्या घाईत ते लॉग पुसले जातात. स्नॅपशॉटवर सगळी भिस्त ठेवू नये, कारण तो बहुधा त्याच कंपनीकडे राहतो. १० मार्च २०२१ रोजी स्ट्रासबर्गमध्ये ओव्हीएच या होस्टिंग कंपनीची एक डेटा सेंटर इमारत जळाली, तेव्हा काही ग्राहकांच्या बॅकअपचीही राख झाली.

वितरण निवडणे हाही अपग्रेडचाच भाग. ८ डिसेंबर २०२० रोजी जाहीर झाले की २०२९ पर्यंत चालणार असलेले सेंटओएस ८ हे ३१ डिसेंबर २०२१ लाच थांबेल. वेळेत ७ वरून ८ वर गेलेल्या लोकांवर हा अन्याय होता, आणि त्यानंतर अपग्रेडला नाके मुरडणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यातूनच २०२१ मध्ये अल्मालिनक्स आणि रॉकी लिनक्स उभे राहिले. सेंटओएसच्या जुन्या वाचकांसाठी या पुस्तकातली उदाहरणे अल्मालिनक्स ९ वर दिली आहेत, बाकीच्यांसाठी डेबियन १२ आणि उबंटू २४.०४ वर. कर्नल सगळीकडे वितरणाचाच वापरला आहे. मूळ लिनक्सचा ताजा कर्नल नऊ-दहा आठवड्यांनी येतो, पण भाड्याच्या यंत्रावर तो स्वतः बांधून चालवायचा सल्ला मी देणार नाही.

उबंटू २०.०४ ची सर्वसाधारण मुदत २०२५ च्या मे महिन्यात संपली आहे. ज्यांचे यंत्र अजून त्यावर आहे त्यांनी पहिले प्रकरण वाचून थेट स्थलांतराच्या प्रकरणाकडे जावे. जागच्या जागीच अपग्रेड करायचे असेल तर आधी २२.०४ आणि मगच २४.०४, असे दोन टप्पे घ्यावे लागतील, प्रत्येक टप्प्याआधी वेगळा बॅकअप काढून. हे काम एसएसएचवरून करताना, जोडणी तुटली तरी ते चालू राहावे म्हणून स्क्रीन किंवा टीमक्स चालू असावे. अपग्रेडचा प्रोग्राम अडचणीसाठी म्हणून १०२२ या पोर्टवर दुसरा एसएसएच उघडून ठेवतो, तेव्हा ते पोर्ट कंपनीच्या फायरवॉलमध्येही तात्पुरते खुले करावे.